श्रीगणेशे

खरं आडनाव जोशी असो, पाटील असो की शिंदे, आम्ही त्यांना श्रीगणेशे म्हणतो. श्रीगणेशा करणं हाच त्यांचा धंदा. पुढचं स्तोत्र कोणी म्हणायचं ते बाकीच्यांनी बघून घ्यावं. हिंजवडीच्या कुठल्याही कंपनीत शिरा आणि फ्रंट-एंडच्या टीमकडे जा. एक श्रीगणेशे तिथे असतातच.

वय चाळिशीच्या किंचित अलीकडे. पाठीवर सॅक, गळ्यातलं ओळखपत्र रविवारीही गळ्यातच. जुन्या कोडमध्ये एखादं बटण हलवायचं असलं की त्यांची पाठ दुखते, मुलाची पालकसभा निघते, हिंजवडीच्या चौकात ट्रॅफिक लागतो. पण मीटिंगमध्ये कोणी नुसतं ‘नवीन फ्रंट-एंड शून्यापासून करू या का?’ असं पुटपुटलं, की हा माणूस खुर्चीत सरळ बसतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, ‘सेटअप माझ्याकडे द्या.’ दिला नाही तरी घेतो.

त्यांच्या लॅपटॉपच्या झाकणावर स्टिकरांचे थर आहेत. ते नखाने खरवडले तर फ्रंट-एंडचा अर्धा इतिहास हाती लागेल. तळाशी २०१२ चा ग्रंट आणि त्याच वर्षीचा बॉवर, त्यावर २०१३ चा गल्प, मग वेबपॅक. या प्रत्येकाचे श्रीगणेशे एकेकाळी कट्टर भक्त होते, आणि आज कोणी त्यातलं एखादं नाव काढलं तर ‘अजून वापरतं कोणी ते?’ असं विचारतात. वेबपॅकची कॉन्फिग फाइल मात्र त्यांनी हाताने लिहिली होती. ती अजून जपून ठेवलीय. चांगल्या मूडमध्ये असले की उघडून दाखवतात.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना म्हणजे जुलै २०१६. त्या महिन्यात फेसबुकने क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप आणलं. एक ओळ टाइप करा, चहाला जा, परत या, प्रोजेक्ट तयार! वेबपॅक, बेबल, सगळं आत झाकलेलं. कोणी हात लावायचा नाही. टीमने सुटकेचा निःश्वास टाकला आणि श्रीगणेशे आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. एवढी वर्षं ज्यावर हात बसवला ते काम एका ओळीत? सुदैवाने त्यात ‘इजेक्ट’ नावाची एक आज्ञा होती. ती दिली की झाकलेलं सगळं बाहेर येतं आणि पुन्हा आत जात नाही. पुन्हा माघार नाही, असा इशारा ती आज्ञा स्वतःच देते. श्रीगणेशे प्रत्येक प्रोजेक्ट पहिल्या पाच मिनिटांत इजेक्ट करायचे. ‘काय आहे ते डोळ्यांसमोर हवं,’ हे कारण. २०२५ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टवाल्यांनीच ‘नव्या कामाला हे वापरू नका’ असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे तेवढे वाटले नाहीत. पण त्या दिवशी कँटीनचं बिल त्यांनी दिलं, आणि हे आधी कधी घडल्याचं कोणाला आठवत नाही.

नव्या पोरांना मांडी घालून सांगायची त्यांची गोष्ट मात्र मार्च २०१६ ची. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरून द्यायची. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून लेखकाचं भांडण झालं, त्याने रागाच्या भरात आपली सगळी पॅकेजेस एनपीएमच्या सामायिक कोठारातून उचलली, आणि जगभरातल्या बिल्ड धडाधड पडल्या, कारण हे अकरा ओळींचं पोर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर बसून सगळीकडे शिरलं होतं. ‘म्हणून दुसऱ्याच्या पॅकेजवर विसंबायचं नाही,’ असं सांगून श्रीगणेशे वळतात आणि आकडा सम आहे का ते बघायला इज-ईव्हन नावाचं पॅकेज घालतात. ते आतून इज-ऑडला विचारतं आणि आलेलं उत्तर उलटं करून देतं. इज-ऑड त्याआधी इज-नंबरला विचारतं, की मुळात हा आकडाच आहे ना. आमच्या सरकारी कचेऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ही साखळी एकदा बघावी.

असं करत ही पॅकेजेस साठवणारं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर फुगत जातं. पडद्यावर अजून एक अक्षर उमटलेलं नसतं आणि फाइली हजारोंच्या घरात गेलेल्या असतात. ज्याने नोड बनवलं त्या रायन डालने २०१८ साली बर्लिनच्या एका परिषदेत नोडविषयी आपल्याला वाटणाऱ्या खंतींची यादी वाचून दाखवली, आणि हे फोल्डर त्या यादीत होतं. हे मी श्रीगणेश्यांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘म्हणून तर त्याने डेनो काढलं. मी सेटअप करून ठेवलाय.’

एकदा त्यांच्या सेटअपचा सोहळा जवळून बघायला मिळाला. आधी काळी खिडकी उघडली. फोल्डरला नाव काय द्यायचं यात पाऊण तास गेला. मग प्रोजेक्टचा सांगाडा उभा करून देणाऱ्या व्हीटला हाक मारली. ती बिचारी विचारते, व्ह्यू, रिअ‍ॅक्ट, स्वेल्ट, की नुसतं साधं? जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट? बाण खाली-वर करून श्रीगणेशे प्रत्येक पर्यायावर थांबले. उत्तर ठरलेलंच होतं, पण थांबण्यातली मजा का सोडा? निवडलं रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट. दोन मिनिटांत ब्राउझरमध्ये ५१७३ या पोर्टवर पान उघडलं. बोधचिन्हं आणि मधोमध एक बटण, ‘काउंट इज झिरो’. त्यांनी ते दाबलं. एक. पुन्हा दाबलं. दोन. माझ्याकडे बघून मान हलवली.

इथे तुमच्या-माझ्यासारखा माणूस कामाला लागेल. श्रीगणेशे इथून खऱ्या अर्थाने सुरू होतात. ईएसलिंट आलं, चुका दाखवायला. प्रेटियर आलं, ओळी सारख्या करायला. दोघांची अर्धविरामावरून जुंपली, ती मिटवायला तिसरं आलं. हस्की आलं, त्याचं काम दारात बसून वाईट कमिट अडवायचं. कमिटच्या संदेशाची सुरुवात कुठल्या शब्दाने व्हायची याचेही नियम आले: नवी सोय असेल तर ‘फीट’, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नुसती आवराआवर असेल तर ‘चोअर’. श्रीगणेश्यांच्या प्रोजेक्टांचा इतिहास मी उघडून पाहिलाय. वरपासून खालपर्यंत चोअर, चोअर, चोअर. एखाददुसरं फिक्स दिसतं, तेही आधीच्या चोअरचं. ‘फीट’ शोधून सापडत नाही. टेस्टची व्यवस्था चोख. एक अधिक एक दोन होतात हे प्रत्येक कमिटला तपासून घेतलं जातं. कव्हरेज शंभर टक्के, कारण झाकायला खाली काही नाही. मग डार्क मोड. मग रीड-मी, त्यावर ‘बिल्ड पासिंग’चा हिरवा बिल्ला. मांडव, वाजंत्री, अक्षता, आहेर लिहायला वही-पेन घेऊन बसलेले काका, सगळं जागच्या जागी. मुलगी बघायची राहिलीय.

अर्थात या माणसाची टिंगल करताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्याकडे नवा मुलगा रुजू झाला की पहिल्याच दिवशी दोन आज्ञा देतो आणि त्याच्या लॅपटॉपवर सगळं चालू लागतं. जिथे श्रीगणेशे नाहीत तिथे त्याच मुलाचा पहिला आठवडा ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ऐकण्यात जातो. टॅब की स्पेस या विषयावर आमच्या टीममध्ये भांडण होत नाही, कारण ते श्रीगणेश्यांनी आधीच एकट्याने स्वतःशी भांडून संपवलेलं असतं. पॅकेज-लॉक फाइल कमिट करा म्हणून ते गेली कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतायत, आणि त्यांचं बरोबर आहे. अडचण एवढीच, की कोणी गिऱ्हाईक पानावर येऊन नाव, पत्ता, मोबाइल नंबर भरणार, चुकीचा भरणार, अर्धा भरून पळून जाणार, ही कल्पना त्यांना सोसत नाही. रिकाम्या प्रोजेक्टात कोणी चुकत नाही. म्हणून तो हातावेगळा करायची वेळ आली की त्यांना दुसरा सुचतो.

ऑफिसात हे खपून जातं. मागून निस्तरणारे पुष्कळ असतात. सोसायटीत मात्र श्रीगणेशे उघडे पडले.

आमची सोसायटी वाकडची. म्हणजे उन्हाळ्यात टँकर आलाच. टँकर सात येतात की नऊ, यावरून टँकरवाला, वॉचमन आणि सेक्रेटरीकाका यांचं दर महिन्याला वाजतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. रुपयाचा हिशेब लागला नाही तर त्यांना रात्री झोप नाही. मासिक सभेत ते म्हणाले, ‘टँकर कधी येणार आणि आजवर किती आले, एवढं सगळ्यांना मोबाइलवर दिसलं की झालं. आपल्यात एवढे आयटीवाले आहेत.’ एवढे आयटीवाले आपापल्या चपला बघू लागले. श्रीगणेशे उभे राहिले.

पुढच्या सभेत त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावून फोल्डरांची रचना दाखवली. काका चष्म्यातून बघत राहिले. भाषांची सोय होती. मराठी, इंग्रजी तर होत्याच, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांचीही तयारी होती. ‘आपल्याकडे कोण वाचतं तसं?’ डी विंगच्या वहिनींनी विचारलं. ‘उद्या कोणी राहायला आलं तर?’ यावर सभा निरुत्तर झाली. शेवटी त्यांनी पान उघडलं. मधोमध ते बटण. काउंट इज झिरो.

‘हा आकडा कसला?’ काकांनी विचारलं.

‘तो नुसता नमुना आहे काका. काढून टाकायचाय.’

‘काढताय कशाला? दाबल्यावर एकाने वाढतो ना? वॉचमनच्या फोनवर द्या. टँकर आत आला की दाबेल. झालं आपलं काम.’

श्रीगणेश्यांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या आराखड्यातली लोकांना पसंत पडलेली एकुलती एक गोष्ट त्यांनी केलेली नव्हती. पण सभेपुढे बोलणार काय? बटण वॉचमनदादांकडे गेलं. त्यांनी इमानदारीत दाबलं. संध्याकाळपर्यंत सात झाले. रात्री कोणाचा तरी व्हिडिओ बघताना ते पान बंद झालं, आणि सकाळी पुन्हा शून्य. आकडा कुठे साठवायचीच व्यवस्था नव्हती. काकांनी सकाळी साडेसहाला श्रीगणेश्यांची बेल दाबली. ‘काल सात होते, आज शून्य! टँकरवाला दोन टँकर जास्त लावायचा, तुम्ही तर सगळेच गिळलेत!’ आतून वहिनींचा आवाज आला, ‘अहो, त्यांना आत तरी बोलवा.’

‘स्टेट मॅनेजमेंटचा निर्णय अजून व्हायचाय,’ श्रीगणेशे दारातूनच सांगत होते. ‘तीन लायब्ऱ्या बघतोय.’

त्यानंतर काय झालं ते सगळ्या वाकडात होतं तसंच झालं. सी विंगमधल्या अकरावीतल्या मुलीने एका दुपारी एकच फाइल लिहिली. साधं एचटीएमएल, खाली थोडं जावास्क्रिप्ट, आकडे काकांच्या गुगल शीटमधून आलेले. वर मोठ्या अक्षरात ‘आज आलेले टँकर’, खाली ‘पुढचा टँकर’, त्याखाली टँकरवाल्याचा फोन. रंग भडक होता, पण काकांना चष्म्याशिवाय वाचता येत होतं.

श्रीगणेश्यांनी ती फाइल उघडली आणि बराच वेळ वर-खाली केली. ‘यात बिल्डच नाही?’

‘नाही काका.’

‘लिंट? टेस्ट?’

‘काका, चालतंय ना ते?’

‘चालतंय गं. पण याला काही शिस्त नाही. टाइपस्क्रिप्ट घेतलं असतं तर कोणी भलतंसलतं भरूच शकलं नसतं. आता ही ‘पुढचा टँकर’ची जागा बघ. इथे वेळ हवी. फक्त वेळ.’

‘पण टँकरवाले वेळ सांगतच नाहीत.’

‘मग काय सांगतात?’

‘निघालोय म्हणतात. नाहीतर पोचतोच. नाहीतर गाडी पंक्चर झाली.’

श्रीगणेशे थबकले. मग त्यांनी सॅकमधून लॅपटॉप काढला, तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि चष्मा पुसला. ‘म्हणजे तीनच शक्यता. युनियन टाइप करता येईल. हे बघ: निघालोय, किंवा पोचतोच, किंवा पंक्चर. चौथं काही लिहिलं तर कंपाइलच होणार नाही.’

‘आणि त्यांनी फोनच उचलला नाही तर?’

‘अनडिफाइन्ड,’ श्रीगणेशे म्हणाले, आणि नव्या फोल्डरला नाव काय द्यावं याचा विचार करू लागले.