तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या आत्याला दोन नावं आहेत. एक माहेरचं, आजोबांनी ठेवलेलं. दुसरं सासरचं, आतोबांनी लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. दोन्ही इथं सांगत नाही. कुठलंही एक आधी लिहिलं तरी दुसऱ्या घरचे रुसतील. गंमत अशी, की एवढ्या हौसेनं कोरलेलं ते नाव आतोबांनी स्वतः पन्नास वर्षांत एकदाही घेतलं नाही. ‘अगं’वर त्यांचं सगळं भागलं. सासूबाई, बँक आणि रेशनकार्ड, एवढीच काय ती त्या नावाची गिऱ्हाइकं. सत्तरी उलटल्यावर एके सकाळी आत्यानं दाराला नवी पाटी लावली, माहेरच्या नावाची. शेजारीण म्हणाली, “अगंबाई, नाव बदललंत?”

“बदललं कुठं?” आत्या म्हणाली. “होतं तेच लिहिलंय.”

एखादं शहर किंवा देश इंग्रजीतलं आपलं नाव बदलतो तेव्हा मला ही पाटी आठवते. १९९५ साली बॉम्बेची मुंबई झाली असं जगभर छापून आलं. आपल्या घरात काय झालं? काहीच नाही. आपण मराठीत पाकिटावर मुंबई लिहीत होतो, इंग्रजीत बॉम्बे, आणि सिनेमातल्या पोराला घरातून पळून जायचं असलं की ते बंबईला जायचं. पोस्टमन तिन्ही गावची पत्रं एकाच पेटीत टाकत होता. वांद्र्याच्या स्टेशनावर आजही वांद्रे, बांद्रा आणि इंग्रजीतलं बँड्रा एकाच पाटीवर गुण्यागोविंदानं नांदतात, आणि त्यामुळे कुणाची गाडी चुकल्याचं ऐकलं नाही.

बॉम्बेची कथा तर खरोखरच लग्नघरातली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि करारात हे बेट आंदण म्हणून लिहून दिलं गेलं. मुंबादेवीला कुणी विचारलं नाही. पोर्तुगीज कागदांत मुंबई ‘बॉम्बाइम’ होती, इंग्रजांच्या घरी बॉम्बे झाली. ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून हे नाव पडलं, असं मोठ्या आत्मविश्वासानं सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक पंगतीत असतो. पण पोर्तुगीजमध्ये तो उपसागर स्त्रीलिंगी आहे, त्याला ‘बॉम’ हे पुल्लिंगी विशेषण चालत नाही. आपण ‘चांगला खाडी’ म्हणू का? असो. पुढं १६६८ मध्ये राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. मुंबईत भाडेकरू एकदा शिरला की निघता निघत नाही, ही परंपरा तेव्हापासूनची असावी.

अलीकडं सगळ्यात ठसठशीत पाटी लावली ती तुर्कस्ताननं. परराष्ट्रमंत्र्यांचं पत्र संयुक्त राष्ट्रांत पोचलं आणि जून २०२२ पासून तो देश इंग्रजीतही ‘तुर्किये’ झाला. कारण संस्कृतीचं आणि परंपरेचं दिलं होतं, ते खरंच असेल. पण जुनं ‘टर्की’ इंग्रजी शब्दकोशात बघायला जावं तर नाताळच्या ताटात भाजून ठेवलेला पक्षी समोर येतो, शिवाय सपशेल पडलेलं नाटकही. कुठल्या देशाला हे आवडेल?

त्या पक्ष्याची मात्र मला दया येते. तो मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी तो तुर्कांच्या नावावर मांडला. तुर्कांनी हात झटकले आणि त्याला ‘हिंदी’ म्हटलं, म्हणजे आपल्या खात्यावर टाकला. फ्रेंचांचंही तेच, त्यांच्या भाषेत तो हिंदचाच. पोर्तुगीज त्याला म्हणतात ‘पेरू’. आणि आपण? आपण पेरू चिरून तिखटमीठ लावून खातो. पेरू देशाच्या वकिलातीनं याबद्दल मंडईत येऊन तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. केलीच, तर आतून गुलाबी निघाला की आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, एवढं तरी सांगता येईल.

आफ्रिकेतल्या स्वाझीलँडच्या राजानं २०१८ मध्ये देशाचं नाव ‘इस्वातिनी’ केलं, कारण परदेशात गेलं की लोक स्वित्झर्लंड समजायचे. अर्थ दोन्हींचा एकच, स्वाझींचा देश. फक्त शेपटीचं इंग्रजी ‘लँड’ गळालं.

पाटी कुणी लावली हेही बघावं लागतं. आत्याची पाटी आत्यानं लावली. बर्माचं म्यानमार केलं ते १९८९ मध्ये लष्करी राजवटीनं, घरच्यांना न विचारता. म्हणून बाहेरच्या कित्येकांनी वर्षानुवर्षं हट्टानं जुनंच नाव घेतलं. खरं तर दोन्ही शब्दांचं मूळ एकच. एक बोलण्यातला, दुसरा लिहिण्यातला. आपला तर या दोन्हींशी संबंध नाही, आपला तो ब्रह्मदेश. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवलं, आणि मंडालेच्या थिबा राजाला आणून ठेवलं रत्नागिरीत. इतकी सोयरीक झाल्यावर त्या देशाला आपण आपल्या पसंतीचं नाव दिलं तर त्यात नवल नाही. मधल्या खोलीतलं आमचं कपाट मात्र अजून बर्माटीकचं आहे. म्यानमारटीक म्हटलं तर सुतार हलक्या लाकडाचा भाव सांगेल.

तेच तर. दारावरची पाटी बदलते, आतल्या सामानावरची नावं तशीच राहतात. मुंबईचं हायकोर्ट इंग्रजीत बॉम्बेचं, पवईची आयआयटीही बॉम्बेचीच. लष्करात पूना हॉर्स आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्स आहेत. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या दुर्मीळ रक्तगटाला आजही बॉम्बे ब्लड ग्रुपच म्हणतात. रक्तात उतरलेल्या नावापुढं राजपत्राचं काय चालणार? आणि बोंबील. त्याला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. दोनातला कुठला शब्द आधी दुरुस्त करायचा, हा प्रश्न बदकांनी सोडवावा.

आपलं नाव नीट घ्या असं जगाला बजावताना आपली जीभही जरा बाहेर काढून बघितली पाहिजे. वडोदऱ्याला आपण बडोदे म्हणतो, भरूचला भडोच, ग्वालियरला ग्वाल्हेर, तंजावूरला तंजावर. डॉइचलांड म्हणवणाऱ्यांच्या देशाला जर्मनी म्हणतो, आणि वर ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं. (बेळगावची इंग्रजी पाटी २०१४ मध्ये बदलली. त्या पाटीसमोर विनोद न केलेला बरा.) गायकवाड, शिंदे, भोसले त्या त्या गावी जाऊन राहिले, आपली माणसं तिथं वाढली, आणि नावं जिभेवर घासून घासून मराठी झाली. त्यात कुणाचा अपमान करायचा नव्हता. पण मग हाच न्याय वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती आजीलाही लावावा लागतो. तिच्या तोंडी बॉम्बे येतं ते चार्ल्सच्या लग्नातून आलेलं नसतं. ते तिच्या आईनं हाक मारताना वापरलेलं असतं. तिच्यापुरतं तेच माहेरचं.

परवा आत्याला बंगळूरहून, तिच्या मुलाकडून, विमानानं घेऊन आलो. मुंबईला पट्ट्यावर तिची बॅग येईपर्यंत ती खुर्चीत बसून होती. बॅग आली. हँडलला चिकटवलेला लांब कागद तिनं चष्म्याजवळ धरला आणि ठळक अक्षरं एकेक करून वाचली. “बी, ओ, एम. हे काय रे?”

म्हटलं, “मुंबईच. विमानवाल्यांच्या कागदांत अजून बॉम्बे आहे.”

“असं होय,” आत्या म्हणाली. पर्समधून तिनं आपलं विमानाचं तिकीट काढलं, त्यावरचं स्वतःचं सासरचं नाव मला दाखवलं आणि दोन्ही कागद नीट घडी करून एकत्र ठेवून दिले. “आधारकार्डावर हेच आहे. हिचंही अजून तसंच दिसतंय.”