मोहिनीचे किती पैसे आले?

जुनी रिळं किलोवर घेणाऱ्या, ती विकणाऱ्या आणि त्यांच्यातून चांदी काढणाऱ्या तमाम महाशयांस,

पत्राची सुरुवात नमस्कारानं करायची रीत आहे. ती मी आज मोडते आहे, कारण तुम्हाला हात जोडावेत असं तुम्ही काही केलेलं नाही. तुमच्यातले बरेच जण आता हयातही नसतील. पण तुमचा धंदा राजरोस चालला. निर्माते गेले की त्यांची मुलं घरातले डबे गोणीत भरून तुमच्याकडे आणत. तुम्ही रिळं तोलून घेतलीत, वरचा थर धुऊन चांदी वेगळी केलीत आणि उरलेल्या पट्ट्या बांगड्या आणि पर्स बनवणाऱ्यांना विकल्यात. देणारे, घेणारे आणि बघून गप्प बसणारे, सगळे यात आलेत. म्हणून हे पत्र एकाच्या नावानं नाही.

मी भंडाऱ्याची. आमचं गाव पितळेचं. फुटका गुंड, चेपलेली परात, झिजलेला गडवा आमच्याकडे मोडीत घालतात. मोडीचा भाव ठरतो, वर चार पैसे घालून नवं भांडं घरी येतं. तुम्ही म्हणाल, मग आम्ही तरी वेगळं काय केलं? वेगळं हे केलंत की मोडीतल्या परातीची पुन्हा परात होते, पण धुतलेल्या रिळातली बाई परत येत नाही.

अशी एक बाई कायमची गेली. तिचं नाव कमला कामत, पुढे कमलाबाई गोखले. भारतीय पडद्यावर नायिका म्हणून उभी राहिलेली पहिली स्त्री. साल १९१३, वय जेमतेम तेरा. चित्रपट दादासाहेब फाळक्यांचा, ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात ती मोहिनी होती आणि तिची आई दुर्गाबाई पार्वती. आपल्या चित्रपटसृष्टीत बाई आली ती एकटी आली नाही, मायलेकी बरोबर आल्या. तो चित्रपट आज जगात कुठेही नाही. म्हणून विचारते, मोहिनीचे किती पैसे आले? चिमूटभर चांदीचे?

त्या दोघी पडद्यापर्यंत कशा पोचल्या, ते तुम्ही कधी विचारलं नसणार. दुर्गाबाईंचं लग्न मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या एका शिक्षकाशी झालं होतं. १९०३ च्या सुमारास त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. कडेवर लहान पोर. त्या काळात अशा बाईपुढे वाटा तरी किती होत्या? कुणाच्या घरी धुणंभांडी, नाहीतर शरीर विकणं. दुर्गाबाईंनी तिसरी वाट धरली. त्या गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीत गेल्या. त्यांच्याच समाजानं त्यांना वाळीत टाकलं. पुरुषांनी लुगडं नेसून बाईचं काम करावं, त्याला लोकांनी डोक्यावर घ्यावं, आणि बाईनं बाईचं काम केलं की तिचं नाव खराब व्हावं, असा तो न्याय होता. नाटकातले स्त्रीपार्टी नटही या बायांकडे पोटावर पाय देणाऱ्या म्हणून पाहत. कमला चार वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी राहू लागली. तिची शाळा तीच, घरही तेच.

चित्रपटातल्या घराणेशाहीच्या नावानं आज जे बोटं मोडतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. दुर्गाबाईंनी लेकीला नटी केलं ते ओळखीच्या जोरावर नाही. दुसरं कुठलं दार त्या लेकीसाठी उघडं नव्हतं.

फाळक्यांनाही हीच अडचण आली होती. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. कोठ्यावरच्या बायांनीसुद्धा नकार दिला, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तो चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी पुढचा चित्रपट करताना फाळक्यांना या मायलेकी मिळाल्या आणि तिथून चित्र पालटलं. एवढी मोठी गोष्ट ज्या रिळावर घडली, ते तुमच्या लेखी भंगार.

‘मोहिनी भस्मासुर’ची कथा तुम्हाला ठाऊक असणारच. शंकराकडून वर घेऊन माजलेला असुर, मोहिनी नाचते, तिच्यासारखं नाचायच्या नादात तो आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवतो आणि राख होतो. ज्या धंद्यावर तुमचं पोट चाललं त्याच्याच डोक्यावर तुम्ही हात ठेवलात. राख मात्र मोहिनीची झाली.

काय गेलं ते कळायला काय उरलं ते पाहावं. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा उरला आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची लेक मंदाकिनी. तीसुद्धा घरच्याच धंद्यात वाढलेली. चित्रपटाच्या सुरुवातीला नुसता तिचा चेहरा आहे. एक साधी मुलगी. बघता बघता तीच कृष्ण होते, आणि राग, भीती, हसू, रडू असं सगळं त्या एवढ्याशा तोंडावर एकामागून एक येऊन जातं. आवाज नाही, संवाद नाही. भुवई थोडी वर जाते, ओठ थरथरतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचं पोर आपल्याकडे बघतं आहे असं वाटतं. फाळके कुटुंबाकडे राहिलेले तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी जुळवले, म्हणून ते आपल्याला दिसतं. आता विचार करा, हीच गोष्ट तेरा वर्षांच्या कमलाच्या बाबतीत शक्य होती. तिचा नाच, रंगमंचावर नऊ वर्षं घडलेली तिची मान, तिचे डोळे, शेजारी पार्वती होऊन उभी असलेली तिची आई. एकाच चौकटीत मायलेकी. ती चौकट कुणाच्या गोदामात तोलली गेली?

तुम्ही तुमची बाजू मांडाल, ती मला माहीत आहे. जुनी रिळं नायट्रेटची, ती आपोआप कुजतात, भडकन पेटतात, आम्ही घेतली नसती तरी गेलीच असती. कुजतात, हे खरं. पेटतात, हेही खरं. ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच लागलेल्या आगीत कितीतरी नायट्रेट रिळं जळाली. पण वेळेवर दुसऱ्या फितीवर उतरवून घेतलेले चित्रपट वाचले. उतरवून घेण्याइतके दिवस रीळ जिवंत राहायला लागतं, आणि तेवढे दिवस तुम्ही दिले नाहीत. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट बनले. आज त्यांतले पूर्ण आणि तुटके मिळून तीसेक. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, तोही गेला. नायर सांगत की त्याची रिळं चांदीसाठी विकली गेली होती. संग्रहालय १९६४ ला निघालं. तोवर तुमची पाच दशकं होऊन गेली होती.

रीळ गेलं तरी कमलाबाई थांबल्या नाहीत, हे तुमचं पुण्य नाही, त्यांचं बळ. रघुनाथराव गोखले या नाटकवाल्याशीच त्यांचं लग्न झालं. पंचविशीच्या आसपास त्या विधवा झाल्या, पदरात तीन मुलगे. त्या काळची विधवा, तीही नटी. त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, पुरुषांच्या भूमिकाही केल्या, मुलांना वाढवलं. त्यांतला एक चंद्रकांत गोखले, मराठी रंगभूमीचा आणि चित्रपटाचा खंदा नट. बाकीच्या दोघांच्या बोटांत तबला आला. पस्तीसेक चित्रपटांत कमलाबाईंनी कामं केली. शेवटचा ‘गहराई’, १९८० चा. १९१३ ते १९८०! एवढी लांब कारकीर्द किती जणींच्या वाट्याला येते? रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा त्या नव्वदीच्या आसपास होत्या, आणि त्या वयातही कॅमेऱ्यासमोर जुनी कामं करून दाखवत होत्या. म्हणजे पहिली नायिका आपल्याला म्हातारी दिसते, तेरा वर्षांची कधीच दिसत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या गेल्या. ‘मोहिनी भस्मासुर’ला बरोबर शंभर वर्षं होत होती, त्या २०१३ साली त्यांचे नातू विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. नातवाचं काम कुणीही बसून पाहावं. आजी कुठे पाहायची?

शोभना समर्थांची सीता १९४३ च्या ‘रामराज्य’मध्ये आहे, त्यांच्या लेकीची, नूतनची, कल्याणी १९६३ च्या ‘बंदिनी’त आहे. नूतनच्या चेहऱ्यात तिची आई शोधता येते. कमलाच्या तेराव्या वर्षाच्या चेहऱ्यात दुर्गाबाई शोधायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

हे सगळं भंडाऱ्यात बसून मी का लिहिते आहे? कारण तुमचा धंदा बंद झाला, वृत्ती नाही. दिवाळी सरली की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, आणि रात्री नाटक. पूर्वी दंडार या लोकनाट्यात गडीच लुगडं नेसून बाई होत. पुढे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत खऱ्या बाया आल्या. वैनगंगेपलीकडे वडशाला नाट्य कंपन्यांचं बिऱ्हाड. हंगामात त्यांच्या गाड्या साकोली, लाखांदूर, पवनीकडे धावत असतात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत.  त्या कंपन्यांच्या जिवावर परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे.

अशाच एका मंडईत मी कनातीच्या मागे उभी होते. आई मंचावर, सावकाराच्या पाया पडून रडत होती. लोखंडी पेटीवर आठ-नऊ वर्षांची लेक बसलेली, अंगावर मोठ्या माणसाचं स्वेटर, गालाला कुणीतरी गंमत म्हणून लावलेला रंग. आईचं प्रत्येक वाक्य आईच्या आधी तिच्या ओठांवर येत होतं. प्रॉम्प्टरच्याही आधी. एका ठिकाणी आई थांबली, तेव्हा ही पोरगी पुढे वाकली, जणू तिथून वाक्य ढकलणार होती. आईला ते सापडलं, तशी ती पुन्हा मागे टेकली.

त्या रात्री पुढच्या रांगेतली पोरं मोबाइल उंच धरून बसली होती. त्यांनी काय टिपलं? मधला नाच. कमरेपासून खाली. दुसऱ्या दिवशी गावभर तेच फिरलं, नटीचं नाव न घालता, खाली घाणेरड्या ओळी घालून. रडण्याचा तो प्रवेश कुणीही उतरवून ठेवला नाही. तुम्ही बाईतली चांदी काढून घेऊन बाई फेकलीत. या पोरांनी तेच केलं, त्यांना रसायनही लागलं नाही. म्हणून हे पत्र त्यांच्याही नावानं समजा, आणि नाटक ठेवणाऱ्या मंडळांच्याही. कलावंतांच्या नावांची यादी, गाजलेल्या प्रयोगाची एक पूर्ण चित्रफीत, नटीनं स्वतः सांगितलेल्या तिच्या कामाच्या आठवणी, एवढं ठेवायला किती खर्च येतो? मंडपाच्या झालरीपेक्षा कमी.

आता तुमच्याकडे, महाशय, एकच मागणं आहे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद टॉकीजच्या मागच्या खोलीत, मंडयांतून फिरलेल्या तंबूतल्या सिनेमाच्या सामानात एखादा गंजका डबा अजून असेल. त्याचं झाकण ओढू नका, उन्हात ठेवू नका, जवळ काडी पेटवू नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालय आहे, तिथे आधी कळवा. आत पौराणिक असो की हाणामारीचा, तुमच्या ओळखीचा असो की नसो, ठरवायचं काम त्यांचं. आणि फुकट द्यायचं जिवावर येत असेल तर तसं स्पष्ट बोला. तोलकाटा आणा, चांदीचा आजचा भाव लावा. गावातून वर्गणी काढून आम्ही पैसे देऊ.

– भंडारा जिल्ह्यातली एक प्रेक्षक