एका संध्याकाळचं स्टेडियम

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा प्रश्नमंजुषा होती. प्रश्न आला, "आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये देशासाठी सर्वाधिक गोल कुणाचे?" बी विंगमधली आठवीतली मुलगी ताडकन उठली. "क्रिस्टीन सिंक्लेअर. कॅनडा. १९०." सूत्रसंचालक काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. चिठ्ठीवर रोनाल्डो होता. काका म्हणाले, "अगं बाळा, ते बायकांचं झालं. आपण फुटबॉलचं विचारतोय."

काकांना हसू नका. जग जे मनात ठेवतं ते त्यांनी माइकवरून सांगितलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

तर ही सिंक्लेअर. २००० साली पोर्तुगालमधल्या एका स्पर्धेत, वयाच्या सोळाव्या वर्षी, चीनविरुद्ध कॅनडाकडून पहिल्यांदा उतरली आणि थांबली ती २०२३ च्या डिसेंबरात. सामने ३३१. अमेरिकेच्या ॲबी वॉम्बाकचा १८४ गोलांचा विक्रम तिने २०२० च्या जानेवारीत मोडला. रोनाल्डोची चाळिशी उलटली तरी तो त्या आकड्याच्या बराच मागे आहे; पण कपाळावर 'पुरुषांमध्ये' अशी चिठ्ठी चिकटवून त्याला कुणी फिरवत नाही.

बर्लिन, २०११. विश्वचषकातला कॅनडाचा पहिलाच सामना, समोर यजमान जर्मनी. कोपर लागून सिंक्लेअरचं नाक मोडलं. डॉक्टर म्हणत होते, बाहेर बस. ती जागची हलेना. ८२ व्या मिनिटाला फ्री किक मिळाली आणि तिने ती सरळ जाळ्यात घातली. कॅनडा १-२ असं हरलं, पण २००३ नंतर विश्वचषकात जर्मनीवर झालेला तो पहिलाच गोल. नाकावर टिच्चून म्हणतात ते हे. फक्त नाक तिचंच होतं.

पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकची उपांत्य फेरी, ओल्ड ट्रॅफर्डवर, अमेरिकेशी. सिंक्लेअरचे एकटीचे तीन गोल, कॅनडा ३-२ ने पुढे. आता गोलरक्षकाने सहा सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरू नये, असा नियम तेव्हा पुस्तकात होता. म्हणजे 'येथे थुंकू नये' अशी पाटी असते तसा. तो मोडल्याची शिक्षा झालेली कुणाला आठवत नव्हती. पंचांना नेमकी त्याच संध्याकाळी ती पाटी वाचता आली. मग फ्री किक, त्यावर चेंडू हाताला लागला म्हणून पेनल्टी, बरोबरी, आणि १२३ व्या मिनिटाला ४-३ असा पराभव. सिंक्लेअर पंचांबद्दल जे बोलली त्यासाठी फिफाने चार सामन्यांची बंदी घातली. दरम्यान समारोपाच्या संचलनात कॅनडाने झेंडा दिला तो तिच्याच हातात. कर्तबगार सुनेचं आपल्याकडे असंच असतं. हळदीकुंकवाला पुढे, आणि पुढे बोलली म्हणून बोलणीही तीच खाणार.

त्या पराभवानंतर बरोबर नऊ वर्षांनी, त्याच ६ ऑगस्टला, योकोहामात कॅनडाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यातली पेनल्टी मिळाली सिंक्लेअरला पाडल्यामुळे. मारली जेसी फ्लेमिंगने. उपांत्य फेरीतही चेंडू सिंक्लेअरने स्वतःच्या हाताने फ्लेमिंगकडे सोपवला होता. अडतिसाव्या वर्षी खुर्ची सोडून देणारा कर्णधार! आमच्या साध्या तालुका संघटनेतसुद्धा असा माणूस दाखवा.

आता हिशेबाकडे येऊ. त्याच सुवर्णवर्षात, २०२१ मध्ये, कॅनडाच्या फुटबॉल महासंघाने पुरुष संघावर सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च केले आणि महिला संघावर ५१ लाख. पुरुषांचे विश्वचषक पात्रतेचे सामने होते, विमानं जास्त उडाली, मान्य. पण सुवर्ण कुणाच्या सामानात आलं, तेही एकदा पाहावं की नाही? २०२३ च्या फेब्रुवारीत मुलींनी संप पुकारला. महासंघाने कायदेशीर कारवाईची तंबी दिली. मुली खेळल्या, पण आधी जर्सीवर जांभळे टी-शर्ट घालून उभ्या राहिल्या: पुरे म्हणजे पुरे. मार्चमध्ये सिंक्लेअरने संसदेच्या समितीपुढे सांगितलं की, आपण मानधनाची मागणी मांडली तेव्हा त्याच बैठकीत महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पुढे त्या मागणीचा उल्लेख जवळपास 'क्रिस्टीनची ती किरकिर' अशा शब्दांत केला. समितीपुढे ही साक्ष झाली तोवर अध्यक्ष राजीनामा देऊन मोकळे झाले होते. मुलींच्या हाती पडला तो विश्वचषक सुरू झाल्यावरचा तात्पुरता करार.

आणि मग निरोप. ५ डिसेंबर २०२३, व्हँकुव्हर, ४८,११२ प्रेक्षक. बीसी प्लेस स्टेडियमचं नाव बदलून क्रिस्टीन सिंक्लेअर प्लेस ठेवण्यात आलं. एका संध्याकाळपुरतं! वरातीत नवरदेव घोडीवर बसतो, पण घोडी परत करायची असते, तसं. तिच्या गावी, बर्नबीत, एका केंद्राला तिचं नाव कायमचं आहे, हे नोंदवायला हवं. नाहीतर वाचक पत्र पाठवतील. तरीही मला त्या एका संध्याकाळचं कौतुक वाटतं. आपल्याकडे चौकाला एकदा नाव लागलं की ते नाव, ती पाटी आणि पाटीवरचे नगरसेवकाचे फोटो, तिघेही हलत नाहीत. तिथे पाटी सकाळी उतरली. सत्काराचा खर्च आटोक्यात ठेवणं म्हणजे काय, ते तिथल्यांकडून शिकावं.

आमच्या प्रश्नमंजुषेचं पुढे काय झालं? पहिलं बक्षीस रोनाल्डो म्हणणाऱ्या ए विंगच्या मुलाला. त्या मुलीने समितीला विचारलं, "प्रश्नात 'पुरुष' कुठे लिहिलं होतं?" समिती पाच मिनिटं बाजूला जाऊन कुजबुजली आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं. स्टीलचा डबा. घरी नेऊन पाहिला तर झाकण दुसऱ्याच डब्याचं.