नको असलेली व्यक्ती काढताना येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय

ज्यांनी आजवर फोटोशॉप कधी उघडलं नाही, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये न मागता एक ‘पुसा’चं बटण येऊन बसलं आहे, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. कुणाला पुसायचं हे वाचकानं घरूनच ठरवून यावं. त्या बाबतीत इथे सल्ला मिळणार नाही. बहुतेकांचं ते बटण यायच्या आधीच ठरलेलं असतं, हे तालुक्याच्या गावातला कुठलाही स्टुडिओवाला सांगेल.

यंत्राची ओळख

यंत्र काहीही काढत नाही, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या. साखरपुड्याच्या फोटोत आत्याच्या मागे काय होतं हे कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही, कारण मध्ये आत्या होती. ती पुसली की तिथे भोक पडतं. मग यंत्र भोकाच्या कडेकडेनं काय दिसतंय ते बघतं आणि आत काय असावं याचा अंदाज रंगवून टाकतं. आत्याच्या मागे खरं तर गॅसचा सिलिंडर होता. यंत्र तिथे पडदा दाखवेल. तुम्हाला पडदाच आवडेल, ती गोष्ट निराळी.

विद्या जुनी आहे. निकोलाय येझोव हा स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर तो स्टालिनच्या शेजारी फोटोत आला. पुढे मर्जीतून उतरला, १९४० साली त्याला गोळी घातली गेली, आणि फोटोतल्या त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. ते पाणी कुणा कारागिरानं हातानं भरलं होतं आणि आजही बघताना खोटं वाटत नाही. आपल्याकडेही निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवून देवीचे व्रण घालवणारे, ‘टचिंग’ करणारे लोक स्टुडिओत असायचे. २००० साली संशोधक बेर्ताल्मिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी भोकं संगणकाकडून बुजवून घेण्याची गणिती पद्धत मांडली. २००२च्या फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश आला, २०१०च्या सीएस५ मध्ये कंटेंट-अवेअर फिल. ही मंडळी तुमच्याच फोटोतलं ठिगळ काढून तुमच्याच फोटोला लावायची. मे २०२३ मध्ये आलेलं जनरेटिव्ह फिल मात्र नवं कापडच विणतं, तेही तुमच्या घरात कधी नसलेल्या सुतानं. पिक्सेल ६ मधलं मॅजिक इरेझर (२०२१) आणि आयफोनवरचं क्लीन अप (२०२४) ही याच घराण्यातली.

एवढं समजलं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण कुणी ऐकत नाही, म्हणून पुढचं लिहिलं आहे.

माणूस गेला, तरी कुणीतरी आहे

रायगडावर होळीच्या माळावर सूनबाईंचा फोटो घेतला. मागे निळ्या टी-शर्टातला एक अनोळखी पर्यटक. तुम्ही त्याच्यावरून बोट फिरवलं. तो गेला आणि तिथे खांब उभा राहिला. खांबावरून बोट फिरवलं तर कुत्रा आला. कुत्र्यावरून फिरवलं तर पुन्हा एक माणूस, या वेळी लाल टी-शर्टात.

यंत्राला शिव्या देऊ नका. पर्यटकाची सावली गवतावर तशीच पडलेली आहे. यंत्र ती बघतं आणि म्हणतं, सावली आहे त्याअर्थी ती पाडणारं काहीतरी असलंच पाहिजे. तर्क बिनचूक आहे. म्हणून निवड करताना सावली घ्या, ओल्या फरशीतलं प्रतिबिंब घ्या, मागच्या कपाटाच्या आरशात दिसणारी पाठही घ्या. निवड अंगाला घट्ट चिकटून करू नका, ऐसपैस करा. चपलेचं एक टोक जरी बाहेर राहिलं तरी यंत्र मोठ्या निष्ठेनं त्या चपलेला माणूस बसवून देतं.

जनरेटिव्ह फिल वापरताना खाली लिहायला एक चौकट येते. ती रिकामी सोडा. नवशिके तिथे ‘काकांना घालवा’ असं लिहितात. त्या चौकटीत लिहिलेलं सगळं यंत्र मागणी समजतं. त्यातलं ‘काका’ तेवढं पोचतं आणि दुसरे काका हजर होतात.

हात राहिला

हा भाग सावकाश वाचा. आपल्याकडे फोटोला उभं राहिलं की शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायची रीत आहे, आणि ज्याच्याशी पुढे बिनसायचं असतं त्याचाच हात त्या दिवशी सगळ्यात प्रेमानं पडलेला असतो.

नमुना म्हणून कृषी सेवा केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो घेऊ. दोन भागीदार, एक फीत, एक कात्री, मागे बियाण्यांच्या पिशव्यांची थप्पी. पुढे हिशेबावरून वाजलं. दुकान एकाकडे राहिलं आणि फोटो भिंतीवर. आता त्यातून दुसऱ्याला काढायचं आहे. तुम्ही त्याला आडवंउभं रंगवलं, बटण दाबलं. तो गेला. तुमच्या खांद्यावर चार बोटं राहिली. अंगठा पाठीमागे होता, तो तसाही दिसत नव्हता. फितीचं एक टोक हवेत तरंगतंय. कात्री दोघांनी मिळून धरली होती, तिला आता दीड मूठ आहे.

पुन्हा दाबलं तर यंत्र त्या चार बोटांना मनगट देईल, मनगटाला बाही आणि बाहीला एक नवा, हसरा भागीदार. म्हणून आधी मागे या, म्हणजे अनडू करा. बोटांसकट सगळा माणूस एकाच निवडीत घ्या. त्यानंतर खांदा बिघडेल. बिघडणारच, कारण बोटांखालचा शर्ट कुणीच पाहिलेला नाही. तिथे एआयचा नाद सोडा आणि जुना क्लोन स्टॅम्प घ्या. तुमच्या मोकळ्या खांद्यावरचा शर्ट उचलून, उलटा करून इकडे बसवा. चौकडीचा शर्ट असेल तर चौकटी जुळवताना रात्र जाईल. पुढच्या उद्घाटनाला साधा पांढरा घाला. कात्रीजवळची मूठ अगदी बारीक ब्रशनं, फोटो मोठा करून, तुकड्या-तुकड्यानं घ्या. फितीचं टोक खांबाला बांधा. कुणी लक्ष देत नाही.

कडा जिथे एकमेकींना भेटतात तिथेच चोरी पकडली जाते. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यानं युवराज्ञी केट आणि त्यांच्या तिन्ही मुलांचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात छोट्या शार्लटच्या डाव्या हाताशी बाहीची कड नीट जुळत नव्हती. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स आणि एएफपी या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केट यांनी आपण हौशीनं फोटोंवर एडिटिंग करतो असं सांगून झालेल्या गोंधळाबद्दल माफी मागितली. तुमच्या बाहीकडे जगातल्या वृत्तसंस्था बघणार नाहीत. पण धाकटी वहिनी बघेल, आणि ती फोटो मागे घेणार नाही, पुढे पाठवेल.

यंत्राला आपलं घर माहीत नाही

लग्नातल्या फोटोंचं एक वेगळंच दुखणं आहे. आंतरपाट खाली येतो त्या क्षणी मोबाइल उंच धरून तीन मामा मध्ये येतात. मामा जातात, पण नवरीच्या मुंडावळ्यांचं काय करायचं हे यंत्राला उमगत नाही. कपाळावरून लोंबणाऱ्या मोत्यांच्या दोन सरी त्याला कधी केस वाटतात, कधी कॅमेऱ्याच्या भिंगावरचा ओरखडा. पैठणीच्या काठाचंही तेच. काठावरचे मोर ठरावीक अंतरानं येतात. भोक मोठं असलं की यंत्र चौथ्या मोरापर्यंत इमानदारी टिकवतं, पाचव्याला बदकाच्या वळणावर नेतं. हे घरातल्या पुरुषांना दिसत नाही.

अक्षरं त्याहून वाईट. ‘चि.सौ.कां.’च्या पाटीसमोरचा पाहुणा काढलात तर पाटी पूर्ण करून मिळेल, शिरोरेघेसकट. लांबून मराठीच वाटेल. जवळ जाऊन वाचायला लागलात तर ती कुठलीच भाषा नसेल. अक्षरं यंत्राला कधीही करायला देऊ नका; पाटी टाइप करून वर बसवा.

तारांसाठी फोटोशॉपमध्ये २०२४ पासून खास सोय आहे, एका टिचकीत विजेच्या तारा शोधून पुसते. गल्लीतल्या फोटोवर ती जपून चालवा. कपडे वाळत घातलेली तार गेली आणि कपडे राहिले, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

यंत्र नाही म्हणालं

कधी कधी यंत्र काम करायलाच नकार देतं. खासबाग मैदानातल्या कुस्तीचा फोटो आहे, कडेचा पाण्याचा पिंप काढायचा आहे. यंत्राला लंगोटातले दोन पैलवान दिसतात आणि ते नियमांवर बोट ठेवून बाजूला होतं. पिंपाशी त्याचं काही भांडण नसतं; उघडी कातडी जास्त दिसली की त्याला संशय येतो. अशा वेळी तुमच्या संगणकावरच चालणारं जुनं कंटेंट-अवेअर फिल घ्या. त्याला कुस्ती आणि कीर्तन यांतला फरक कळत नाही, म्हणून ते मुकाट्यानं काम करतं. आयफोनच्या क्लीन अपमध्ये चेहऱ्यावर बोट फिरवलं तर कधी चेहरा न पुसता त्याचे ठोकळे ठोकळे होतात. त्याला वाटतं तुम्हाला ओळख लपवायची आहे. निवड चेहऱ्यापुरती न ठेवता सगळ्या माणसाभोवती करा.

फ्लेक्स

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग असते. कार्यकर्त्यानं गट बदलला की रांगेतून त्याला उचलायचा असतो, आणि हे काम नेहमी रात्री अकराला येतं. इथे सगळ्यात घातक चूक होते. पांढऱ्या कुर्त्यातले बावीस हसरे चेहरे एका ओळीत, मध्ये एक भोक. यंत्रानं या भोकात काय असावं असा अंदाज बांधायचा? ते पांढऱ्या कुर्त्यातला तेविसावा हसरा चेहरा काढून देतं. हा इसम जगात कुठेही राहत नाही, पण दिसतो अगदी तालुकाध्यक्षासारखा. त्याच्याखाली चुकून कुणाचं नाव राहिलं, तर तो फ्लेक्स चौकात निवांत टिकेल. उपाय सोपा: इथे एआय वापरूच नका, चेहरे सरकवून रांग भरून काढा. कुणाला कुणाच्या शेजारी सरकवायचं, हा मात्र फोटोशॉपचा प्रश्न नाही. तो फोन करून विचारा.

दुसरं म्हणजे आकार. सुरुवातीच्या जनरेटिव्ह फिलमध्ये एका वेळी १०२४ बाय १०२४ पिक्सेलइतकंच नवं चित्र तयार व्हायचं; जागा त्याहून मोठी असली की तेवढंच ताणून बसायचं. मोबाइलवर ते खपतं. वीस फुटांच्या फ्लेक्सवर साहेबांच्या शेजारी धुकं पडलेलं दिसतं. मोठी जागा असेल तर छोट्या-छोट्या निवडी करत पुढे जा, आणि शेवटी त्या भागावर थोडा नॉइज टाका. कॅमेऱ्याच्या फोटोला बारीक कण असतो. यंत्राचं काम फार गुळगुळीत असतं आणि त्या गुळगुळीतपणानंच ओळखू येतं.

पंचनाम्याचा, पीक नुकसानीचा, अपघाताचा फोटो असेल तर ही मार्गदर्शिका मिटून ठेवा. वर्तमानपत्रात देणार असाल तरीही. फ्लॅट विकणाऱ्यांनी समोरचा नाला पुसू नये; तो पावसाळ्यात स्वतः येऊन भेटतो.

हार घालायचा फोटो

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त येणारं काम. घरातलं माणूस गेलेलं असतं आणि त्याचा एकट्याचा फोटो कुणाकडेच नसतो. असतो तो पुतण्याच्या लग्नातला, वऱ्हाडाच्या गर्दीतला. अण्णा तिसऱ्या ओळीत, एक कान व्याह्यांच्या फेट्याआड, अर्धा खांदा करवलीच्या आड. बाकी सगळे काढायचे आणि अण्णा ठेवायचे. याला स्टुडिओत ‘कटिंग’ म्हणतात. पूर्वी कान दुसऱ्या कानावरून उलटा करून लावायचे. यंत्र नवा कान देतं, झकास, घडीव आणि तरुण. तो घेऊ नका. चेहरा तर यंत्राला ‘जरा स्वच्छ कर’ असंही सांगू नका, कारण ते सुरकुत्यांबरोबर नाकही सरळ करतं आणि मग काकू म्हणतात, हे कोण? धाकट्या भावाला स्टुडिओत बोलवा, त्याच्या कानाचा फोटो घ्या आणि तो बसवा. कान घराण्यातलाच राहतो.

काढलेल्याला परत घालणे

याची वेळ येतेच. वसुली होते, मुलांच्या सोयरिकी जुळतात, कृषी सेवा केंद्राचे दोघे भागीदार पुन्हा एका गादीवर बसतात. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून एक जण म्हणतो, यात मी होतो ना?

चौकटीत त्याचं वर्णन लिहून यंत्राकडे मागू नका. पन्नाशीचा, गव्हाळ, मिशीवाला भागीदार ते देईल, पण तो दुसराच असेल आणि मूळच्यापेक्षा देखणा असेल. त्यातून नवं भांडण होईल. फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिलचं काम वेगळ्या लेअरवर होतं. पीएसडी फाइल जपली असेल तर तो लेअर बंद केला की माणूस जिथल्या तिथे सापडतो. आयफोनवर रिव्हर्ट करता येतं. पण सगळं एकत्र करून जुन्याच नावानं जेपीजी ठेवली असेल, तर तुमच्याकडचा भागीदार कायमचा गेला.

अशा वेळी मूळ फोटो त्याच्याकडे मागा. तो थोडा घुटमळेल, कारण त्याच्या प्रतीतून त्यानं तुम्हाला पुसलेलं असेल. हरकत नाही, उलट बरंच आहे. तुमच्या फाइलीत तुम्ही अस्सल आहात, त्याच्या फाइलीत तो. दोन्ही फाइली एकावर एक ठेवा, लेअर मास्क लावा आणि मधोमध जोडा. खांद्यावरचा हातही त्याच्या फाइलीत मिळेल, खांदा तेवढा तुमचा घ्या. कात्री मात्र दोन्ही फाइलींत एकेकट्याच्या हातात आहे. ती कुणाची ठेवायची ते दोघांनी बाहेर बाकावर बसून ठरवावं आणि मगच आत यावं.