तात्या विंचू यांना चेंबूरहून अनावृत पत्र

श्री. तात्या विंचू,
मु. पो. ज्या पेटाऱ्यात ठेवलं असेल तो पेटारा.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही पुन्हा येताय असं समजलं. महेश कोठारे यांनी 'झपाटलेला 3'ची घोषणा केली आहे. अभिनंदन! 1993 साली पहिल्या 'झपाटलेला'त दोन भुवयांच्या मधोमध गोळी खाऊन तुम्ही गेलात. वीस वर्षांनी, 2013 साली, आम्हाला थ्रीडीचे चष्मे लावायला लावून परत आलात. तेव्हाही तुमचा बंदोबस्त झाला, आणि आता तिसऱ्यांदा अर्ज भरताय. अशी चिकाटी आमच्या वॉर्डात फक्त नगरसेवकपदाच्या इच्छुकांमध्ये दिसते.

पण या बातमीच्या शेपटीला नांगी आहे. (तुमच्यापुढे नांगीची भाषा करतोय, राग नसावा.) महेशरावांनी असाही मनोदय बोलून दाखवलाय की, या भागात एआयच्या मदतीने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पडद्यावर आणायचं. म्हणजे आपल्या लक्ष्याला. पन्नाशी गाठून दोन महिनेही झाले नव्हते, तोच 16 डिसेंबर 2004 ला जो गेला, त्याला.

तात्या, खरं सांगा, ऐकून पोटात गोळा आला की नाही? कारण हा धंदा मूळचा तुमचा. बाबा चमत्कारांकडून तुम्ही मृत्युंजय मंत्र घेतलात, पोलिसांच्या गोळीने मरता मरता बाहुल्यात शिरलात, आणि मग कळलं की पुन्हा माणसात यायचं तर एकच वाट आहे. ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं, त्याच्याच देहात शिरायचं. तो निघाला लक्ष्या बोळके. अख्खा चित्रपट तुम्ही त्या एका देहासाठी जिवाचं रान केलंत, मुडदे पाडलेत, आणि शेवटी हात हलवत राहिलात. महेशरावांनीच रंगवलेल्या ज्या इन्स्पेक्टर महेश जाधवने तेव्हा तुम्हाला आडवं घातलं, तोच आता दिग्दर्शकाच्या खुर्चीतून तुमचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला निघालाय. लक्ष्या नाही, पण त्याच्या देहात कोणीतरी शिरणार. फक्त मंत्राच्या जागी संगणक. याला महेशरावांच्या मराठीत 'डॅम इट' म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, हा शहाणपणा शिकवणारा कोण? मी चेंबूरचा. गुंडाला पत्र लिहायची भीती आम्हाला घालू नका. आमच्या टिळक नगरच्या सहकार टॉकीजबाहेर एक पोरगा ब्लॅकने तिकिटं विकायचा. तो पुढे छोटा राजन म्हणून नावारूपाला आला आणि 2015 मध्ये थेट बालीला पकडला गेला. त्यामुळे गुंड आम्ही तिकीटखिडकीपासून ओळखतो. आणि सिनेमावाले म्हणाल, तर अशोक कुमार इथेच राहायचे, अनिल कपूर इथलाच, आणि आर. के. स्टुडिओ आमच्याच हद्दीत होता. आम्हाला सिनेमातलं कळतं असा दावा नाही, पण शेजार चांगला होता.

एक गोष्ट आधी मोकळेपणाने बोलून टाकतो, नाहीतर तुम्ही मला सोवळ्यातला समजाल. दुसऱ्याचं उचलण्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तुम्ही स्वतःच 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकीचे मराठी चुलतभाऊ आहात. 'धुमधडाका'ची गोष्ट तमिळमधून हिंदीत 'प्यार किये जा' होऊन आपल्याकडे आली. 'अशी ही बनवाबनवी' 'बीवी और मकान'वरून. आमच्या पिढीने ज्या चित्रपटांवर जीव ओवाळला, त्यातल्या निम्म्यांच्या कथा उसन्या. पण कथा उसनी असली तरी माणसं घरची होती. अशोक सराफ, सचिन, महेश, लक्ष्या. चकीकडे आपलं देणं असेल ते असो, पण लक्ष्या बोळके चकीच्या बापाच्यानेही झाला नसता.

तुम्हाला राग येईल, पण तात्या, त्या चित्रपटात जिवंत तुम्ही नव्हतात. तुमचा देह रामदास पाध्ये यांनी घडवला. ज्यांच्या वडिलांनी 1916 साली अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला, त्या घरात तुम्ही जन्मलात, हे तुमचं भाग्य. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. हात, मान, जबडा, डोळे, जे काय हलतं ते हलवणारी बोटं दुसऱ्याची. एवढं करूनही बाहुला तो बाहुलाच. मग 1993 साली थिएटरात पोरं आईच्या पदराआड का लपली? कारण समोर लक्ष्या घाबरला होता.

तो कसा घाबरायचा ते पुन्हा एकदा बघा. नुसते डोळे विस्फारून मोकळा होत नाही. आधी आवंढा गिळतो. मग एक वाक्य सुरू करतो, ते मध्येच अडकतं, उरलेलं वाक्य हातांनी पूर्ण करायला जातो आणि हातही अर्ध्यावर थांबतात. आवाज एक पट्टी वर सरकलेला. आणि लगेच तो तुमच्याकडे न बघता आजूबाजूच्यांकडे बघतो, 'तुम्ही पण पाहिलंत ना?' अशा आशेने. कोणीच पाहिलेलं नसतं. आई, इन्स्पेक्टर, हवालदार, कोणाचाच त्याच्यावर विश्वास नाही. खून बाहुला करतो आणि संशय त्याच्यावर. आपण हसतो ते तो धडपडतो म्हणून, पण पोटात तुटतं ते त्याचं कोणी ऐकत नाही म्हणून. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. तुमच्या लाकडात जीव आला तो बाबा चमत्कारांच्या मंत्राने नव्हे, या माणसाच्या भीतीने.

आता नव्या भागाचा विचार करा. एका बाजूला तुम्ही, बाहुले. दुसऱ्या बाजूला संगणकाने उभा केलेला लक्ष्या, तोही बाहुलाच. दोन बाहुले समोरासमोर. घाबरायचं कोणी? निर्मात्याने?

शिवाय त्या संगणकाला शिकवणार काय? 'धुमधडाका', 'थरथराट', 'धडाकेबाज' यांतला लक्ष्या घालतील. पळणारा, तोतरं बोलणारा, दाराआड लपणारा. यंत्राला जे वारंवार दिसेल तेच ते परत देणार. पण 1992 साली, म्हणजे तुमच्या आदल्याच वर्षी, जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' केला होता. लेखन पु. ल. देशपांडे यांचं. हसवणाऱ्या माणसाच्या आतलं सगळं त्यात लक्ष्याने काढून दाखवलं. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तिकीटखिडकीवर आम्ही पाठ फिरवली. आम्हाला आमचा लक्ष्या हवा होता, रडणारा बेर्डे नको होता. हिंदीवाल्यांनीही 'हम आपके हैं कौन'मध्ये त्याला नोकराचा लल्लूच केला. जिवंतपणी ज्याला आम्ही एका साच्यातून बाहेर पडू दिलं नाही, त्याला गेल्यानंतर बोलावून घेणार ते पुन्हा त्याच साच्यात ओतायला. तुमच्या मंत्रापेक्षा हे जास्त अघोरी आहे, आणि त्यात आम्ही प्रेक्षक साथीदार आहोत, हेही लिहून ठेवतो.

तुमचा वकील म्हणेल, कायदा काय सांगतो? तर तेही ऐका. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा, इतकंच काय त्यांचं 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. चेंबूरच्या पोराच्या एका शब्दाला कोर्टाचं कुंपण मिळालं, आम्ही कॉलर ताठ केली. पण त्याच्या दोनच महिने आधी, जुलै 2023 मध्ये, त्याच न्यायालयाने दिवंगत अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या अर्जावर सांगितलं होतं की, असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसाला मिळत नाहीत. म्हणजे जिवंत माणसाचं 'झकास' सुरक्षित आणि गेलेल्याचा अख्खा चेहरा उघड्यावर. तात्या, तुमच्या काळात हा निकाल असता, तर तुम्हाला मंत्र शिकावा लागला नसता, सरळ ताबा घेतला असता.

गेलेल्यांना परत आणणारे सगळे पापच करतात असंही नाही. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण घरच्यांना आधी विचारलं आणि मोबदला दिला. महेशरावांचं आणि लक्ष्याचं नातं तर धंद्यापलीकडचं. 'धुमधडाका'साठी त्यांनी लक्ष्याच्या हातावर एक रुपया ठेवून त्याला करारबद्ध केलं, असं सांगतात. माझा त्यांच्या हेतूवर संशय नाही. मित्राची आठवण येत असणार. माझा प्रश्न एवढाच की, या वेळी तो रुपया कोणाच्या हातावर ठेवायचा? तो हात पुढे करून, वर 'एवढाच?' असा चेहरा करणारा माणूस कुठून आणायचा?

तुमच्या अमेरिकेतल्या चुलतभावाचं काय झालं ते तरी बघा. 2019 मध्ये त्याचा नवा अवतार काढला. त्यात चकीच्या आतून भूतच काढून टाकलं! बिघडलेल्या संगणकाचा बाहुला केला, ब्रॅड डूरिफचा जुना आवाजही बदलला. भूत गेलं, मशीन आलं, आणि भीती मात्र आलीच नाही. दोन वर्षांत मूळ लेखकाने जुन्या भुताला, जुन्या आवाजासकट, टीव्ही मालिकेत परत आणलं. ती मालिका तीन सीझन चालली. तुमच्या निर्मात्यांना हे कळवा. चकीचं पहिलं उचललंत, तर हेही उचला.

'रांझणा'चंही उदाहरण घ्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून, मेलेल्या नायकाला जिवंत करून ती पुन्हा लावली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि खुद्द तो नायक रंगवणारा धनुष दोघेही चिडले. चित्रपटाचा आत्माच काढून घेतला, अशा अर्थाचं धनुष बोलला. आत्मा काढणं आणि घालणं हा तुमचा प्रांत, तात्या. पण तुमच्या चित्रपटात एका आत्म्यासाठी निदान दीड-दोन तास मारामारी तरी व्हायची.

आमच्या आर. के.चंच घ्या. 1948 साली उभा राहिलेला स्टुडिओ. 16 सप्टेंबर 2017 ला आग लागली, जुना कपडेपट गेला. 2019 मध्ये गोदरेजने जागा घेतली. आता तिथे उंच घरं आहेत आणि प्रकल्पाच्या नावात 'आर. के.'ची अक्षरं शाबूत आहेत. नाव तेच, देह नवा. घरं उत्तम असतील, मला परवडत नाहीत म्हणून नावं ठेवत नाही. पण त्या फाटकातून आत जाऊन कोणी 'मेरा नाम जोकर' शोधत नाही, एवढी अक्कल चेंबूरकरांना आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तुम्ही या, जरूर या. तुमच्याशिवाय मराठी पोरांना घाबरवायला आहे कोण? पाध्यांच्याच घरून या, हाताने हलणारे, सांध्यातून कुरकुरणारे या. संगणकाने गुळगुळीत केलेले येऊ नका. समोर मात्र जिवंत माणूस मागा. लक्ष्याचा मुलगा अभिनय बेर्डे असेल, आणखी कोणी नवखा असेल, नाटकातून आलेला, घामाने शर्ट भिजणारा. तो लक्ष्याइतका चांगला नसेल. नसू दे. लक्ष्याही 'टुरटुर' नाटकाच्या आधी कोणाच्या खिजगणतीत नव्हता. आणि लक्ष्या हवाच असेल, तर बोळक्यांच्या भिंतीवर त्याचा फोटो लावा. कॅमेरा त्या फोटोवर दोन सेकंद थांबला, तरी अख्खं थिएटर टाळ्या वाजवेल. फुकटात होईल.

कळावे, लोभ असावा. (तुमचा लोभ अंगावर येतो, तेव्हा बेताचाच असावा.)

आपला,
तिकीट काढून बघणारा एक चेंबूरकर

ता. क. : हे पत्र तुमच्या पेटाऱ्याजवळून थिएटरवाल्यांपर्यंत पोहोचलं तर त्यांना निरोप द्या. जुने हिंदी चित्रपट पुन्हा लावायची लाट आलीच आहे, तर मूळ 'झपाटलेला' आणि 'एक होता विदूषक' हे दोन्ही आमच्या चेंबूरच्या पडद्यावर लावा. लागोपाठ, रविवारी, संध्याकाळच्या खेळाला. मराठी चित्रपटाला नेहमी देता तो सकाळी साडेनऊचा खेळ नको.