उपासाचं बेकन

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कसावाच्या कंदाचा साबुदाणा मराठी माणसाने केव्हाच उपासाला पावन करून घेतला. त्याची परतफेड म्हणूनच की काय, अमेरिकेच्या कृषी खात्याने बेकनला उपास धरायला लावलं आहे.

तिथल्या दुकानात बेकनच्या काही पाकिटांवर ठसठशीत लिहिलेलं असतं: ‘अनक्युअर्ड’, म्हणजे न मुरवलेलं. जोडीला ‘नायट्रेट किंवा नायट्राइट घातलेलं नाही’ अशी ग्वाही. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी गृहस्थाला हायसं वाटतं. मग तो चष्मा चढवतो. खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत वाक्य पुरं झालेलं असतं: ‘सेलरीच्या भुकटीत निसर्गतः असलेलं वगळून’.

वगळलंय तेच तर आत भरलंय! सेलरीत नायट्रेट भरपूर. तिच्या रसात ठरावीक जिवाणू सोडले की त्याचं नायट्राइट होतं. रस वाळवून भुकटी केली की ती मांसात. मांस गुलाबी होतं, मुरल्याची चव येते, बोट्युलिझमच्या जिवाणूला आळा बसतो. कारखान्यातलं सोडियम नायट्राइट याहून वेगळं काय करतं? रेणूला आपलं माहेर ठाऊक नसतं. खात्याला मात्र गोत्र पाहावं लागतं: त्याच्या लेखी सेलरीची भुकटी स्वादासाठी, मुरवण्यासाठी नव्हे. म्हणून अशा पाकिटावर ‘अनक्युअर्ड’ छापायची नुसती मुभा नाही, सक्ती आहे. खोटं बोलायला सरकारी फर्मान मिळण्याचं भाग्य इतर धंद्यांच्या वाट्याला क्वचितच येतं.

नायट्राइट निव्वळ खलनायक आहे, असंही नाही. 1820च्या दशकात युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने सॉसेजमधून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं वर्णन केलं. बोट्युलिझम हे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडलं. अमेरिकेने 1925 साली मांसात सोडियम नायट्राइटला परवानगी दिली. पंचाईत तव्यावर होते: कडक आचेवर त्यापासून नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात, आणि त्यांतली बरीच कर्करोगकारक. म्हणूनच खारं पाणी टोचून मुरवलेल्या बेकनला नायट्राइटची 120 पीपीएमची (दशलक्ष भागांत 120 भाग) मर्यादा आणि सोबत ‘क’ जीवनसत्त्वाच्या कुळातला क्षार घालण्याचं बंधन आहे. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक ठरलेल्यांच्या यादीत टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका, न खाणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. सेलरीवाल्यांना त्या यादीतून सूट मिळालेली नाही.

2019मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने पाकीटबंद मांसाचे 31 नमुने तपासले. ‘क्युअर्ड’ आणि ‘अनक्युअर्ड’मधलं नायट्रेट-नायट्राइट सरासरीने सारखंच निघालं. ग्राहक संघटनांनी अर्ज केला. डिसेंबर 2020मध्ये खात्याने कळवलं की, नियम बदलण्याचा इरादा आहे. इराद्याला मात्र फ्रीज लागत नाही, तो कितीही दिवस टिकतो. 2024 उजाडलं तरी पाकिटावरचं वाक्य जागचं हललं नव्हतं.

युरोपात असा उपास चालत नाही. तिथे मुरवण्यासाठी वापरलेला भाजीचा अर्कही रासायनिक पदार्थाच्याच रांगेत उभा राहतो. इटलीतलं पार्माचं हॅम तर डुकराची मांडी, मीठ आणि महिनोन्‌महिने धीर यांवरच भागवतं.

इकडे एडिसनचा गृहस्थ दोन्ही पाकिटं हातात धरून उभा आहे. ‘अनक्युअर्ड’वर आणखी एक सक्तीची ओळ आहे: ‘टिकवलेलं नाही, 40 फॅरनहाइटखाली ठेवा.’ तो दोन्हींच्या किमती बघतो, महागडं ट्रॉलीत टाकतो आणि आज एकादशी नाही ना, एवढं फोनवर तपासतो.