जादा गाडी नाही

माझी सगळी नोकरी एसटीत गेली. निवृत्त झालो तेव्हा मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, कुणालाही समजणार नाही अशा आवाजात माइकवरून गाड्यांची नावं सांगणारा जो माणूस असतो, तो मी. खोली सुटली, आवाज सुटला नाही. घरी मी नुसती आमटी मागितली तरी ही म्हणते, ‘अहो, हळू. मिरज गाडी लागलेली नाही.’

हा आवाज आणि एक माकडटोपी घेऊन मी डिसेंबरात लंडनला गेलो. लेक तिथे शिकते. तिच्या विद्यापीठाजवळच्या एका चर्चमधल्या मंडळींनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाताळची ओळख करून देणारी एक दुपार ठेवली होती. आईवडील आले असतील तर त्यांनाही आणा, असं निमंत्रण होतं. चहा फुकट होता, आम्ही आलेलोच होतो.

फार मायेनं सांगत होती ती माणसं. सुक्यामेव्याचे ‘पाय’ नावाचे छोटे पदार्थ कसे खायचे, शुभेच्छापत्र कुणाला द्यायचं, झाडाखालचं पुडकं कधी उघडायचं. ट्रॅफल्गर चौकातलं झाड नॉर्वेतून येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं केलेल्या मदतीबद्दल ऑस्लो शहर १९४७पासून दर वर्षी ते पाठवतं आणि लंडनकर दर वर्षी ‘यंदा खराटाच आलाय’ म्हणून कुरकुरतात, हेही सांगितलं. फुकट आलेल्या वस्तूला नावं ठेवण्याची ही पद्धत मला लगेच कळली. मात्र एका सूचनेनं मी हादरलो. कुणी एक वाजता जेवायला बोलावलं तर एक वाजून दहा मिनिटांनी दार वाजवावं, आधी तर मुळीच नाही. उशिराला शिष्टाचार म्हणणारा देश! आमच्याकडे त्याला मेमो मिळायचा.

सगळ्यांना मिळून एक पँटोमाइमही दाखवलं. ते बघण्याआधी आमच्यातल्या एका चिनी मुलीला आणि एका नायजेरियन मुलाला अर्धा तास समजावून सांगावं लागलं, की एक बाप्या बाईचे कपडे घालून येणार, वाह्यात बोलणार आणि प्रेक्षकांनी ओरडून त्याला उत्तरं द्यायची. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पडदा वर गेला आणि गौळणीतली मावशीच समोर उभी राहिली, फक्त झग्यात. मी जी शिट्टी मारली, तिच्यानंतर ही दोन खुर्च्या सोडून बसली.

तर इतकं सगळं सांगितलं. फटाक्याच्या कागदी नळीतून कोणत्या रंगाचा मुकुट निघतो इथपर्यंत. सांगितलं नाही ते एवढंच, की पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे धावत नाही. वरची रेल्वे धावत नाही. बस धावत नाही. ट्राम धावत नाही. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आणि एक फेरी नाही.

का सांगितलं नाही? कारण ते ‘सगळ्यांना माहीत असतं’. सण समजावून देणारी माणसं जगभर अशीच. आपणही गोऱ्या पाहुण्याला लक्ष्मीपूजनाचं तबक दाखवतो, पण पाडव्याला इस्त्रीवाला मिळणार नाही हे सांगत नाही.

ग्रिनिचला राहणाऱ्या एका आजीबाईंनी आम्हा तिघांना आणि त्या चिनी मुलीला व नायजेरियन मुलाला जेवायला बोलावलं होतं. एक वाजता, म्हणजे एक दहाला. आम्ही सव्वाबाराला हॉबर्न स्टेशनवर पोचलो. जाळीचं दार ओढलेलं. लेक म्हणाली, दुरुस्ती असेल, बसनं जाऊ. १८८ नंबर थेट ग्रिनिचला जाते.

स्टॉपवर आलो. एरवी तिथल्या पाटीवर बस किती मिनिटांत येणार याचे आकडे पळत असतात. आज पाटी कोरी. मी म्हटलं, ‘सणाचा दिवस आहे, जादा गाड्या सोडल्या असतील. जादा गाडी वेळापत्रकात दिसत नसते. थांबा.’ हे मी अधिकारवाणीनं बोललो, कारण दिवाळीत जादा गाड्या सोडणं हा माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा पराक्रम आहे. सण म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे गाड्या. सण म्हणून गाडीच बंद? डेपोत कुणी ही कल्पना मांडली असती तर आम्ही त्याला रजेवर पाठवलं असतं.

आम्ही थांबलो. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं देव जाणे, पण पाच मिनिटांत एक इटालियन कुटुंब येऊन माझ्याकडेच बसची चौकशी करू लागलं. मग ट्रॉलीबॅगा ओढत दोन पोरी. मग नकाशा उलटा धरलेला एक गृहस्थ. तोवर लेकीनं फोनवर खरी बातमी वाचली होती. ती मी सगळ्यांना देऊ लागलो. ‘नो बस. नो ट्रेन. टुमॉरो मॉर्निंग.’ तोच आवाज, तीच लकब. गंमत म्हणजे हे सगळ्यांना समजत होतं. उभ्या नोकरीत माझी घोषणा इतकी स्पष्ट कधी ऐकू गेली नव्हती. हिनं बाही धरून ओढलं नसतं तर संध्याकाळपर्यंत मी तिथे ड्युटीच केली असती.

टॅक्सी? दिसे ती भरलेली. फोनवरची टॅक्सी जे भाडं सांगत होती, त्यात सांगलीहून सहकुटुंब मुंबई करून परत येता आलं असतं, वाटेत जेवण धरून. आजीबाईंचा फोन घरातल्या कोणत्यातरी कोपऱ्यात वाजत राहिला. मग आम्ही चालायला लागलो. दहा किलोमीटर.

लंडन बघायचंच असेल तर याच दिवशी बघावं, असं पुष्कळ लोक म्हणतात. मी बघितलं. सेंट पॉल कॅथीड्रल डावीकडून गेलं. लंडन ब्रिजवरून टॉवर ब्रिज दिसतो. बाकी मी बसथांबे बघत होतो. एकामागून एक, काचेचे, स्वच्छ, बाकासकट, नकाशासकट आणि बसशिवाय. एखादा नियंत्रक बायकामुलांसह अशा ओळीनं लावलेल्या थांब्यांवरून पायी चालत जातोय, याला शिक्षा म्हणतात, सहल नाही. हिची साडी थर्मलवर, थर्मल बुटात आणि बूट हिला चावत होते. नायजेरियन मुलगा तिची पिशवी घेऊन पुढे चालत होता आणि पिशवीतल्या चकल्या मागे येत होत्या. चिनी मुलीनं चकली हातात फिरवून विचारलं, हे नाताळचं आहे का? लेक म्हणाली, हो.

जमैका रोड संपता संपेना. डेटफर्डच्या अलीकडे एका घराच्या दारात जांभळा कागदी मुकुट घातलेला एक आडवातिडवा माणूस सिगारेट ओढत उभा होता. आमची वरात पाहून त्यानं विचारलं, ‘सगळं ठीक?’ लेकीनं गाऱ्हाणं सांगितलं, आणि बाप बसखात्यातला आहे हेही. त्याचा चेहरा उजळला. तो बसड्रायव्हर होता. आत जाऊन त्यानं पाण्याच्या बाटल्या आणल्या, हिला दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाला, ‘वर्षात हा एकच दिवस. आज सगळा डेपो घरी.’ आतून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. काट्याचमच्यांचा आवाज येत होता, एक पोरगं टेबलाखालून रांगत दारापर्यंत आलं आणि त्याच्या पायाला बिलगलं.

आम्ही पुढे निघालो. बराच वेळ ही काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ह्याची बायको आज एकटी जेवत नाही.’

माझ्याकडे उत्तर होतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री स्टँडवर किती माणसं असतात, कुणाच्या मांडीवर लेकरू असतं, कुणाला पहाटेच्या अभ्यंगाला घर गाठायचं असतं, हे सगळं मी तिला पूर्वी सांगितलेलं आहे. तेव्हाही ती ऐकून घ्यायची आणि ताटावर झाकण ठेवायची. मी माकडटोपी कानांवर आणखी ओढली. लेकीनं आईचा हात धरला, माझा नाही.

ग्रिनिचला पोचलो तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. तीन वाजता दूरचित्रवाणीवरून राजा बोलतो. पाचव्या जॉर्जनं १९३२ साली रेडिओवर हे सुरू केलं. आताचा राजा बोलून गेला होता. एक दहाचा शिष्टाचार आम्ही दोन तासांनी वाढवून दिला होता. आजीबाई फाटकातच उभ्या. ‘चालत? पण आज गाड्या नसतात हे सगळ्यांना माहीत असतं!’ पाठोपाठ त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला आणि हिचे बूट काढायला खाली बसल्या. हिला इतकं अवघडल्यासारखं झालं की तीही खाली बसली. दोघी दारात जमिनीवर बसून एकमेकींना ‘सॉरी’ म्हणत होत्या.

टर्की कोरडी झाली होती, असं त्या म्हणाल्या. आम्ही शाकाहारी पडल्यामुळे मत दिलं नाही. आमच्यासाठी दाण्या-अक्रोडांची वडी भाजली होती. फटाके गेल्या नाताळानंतरच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत घेऊन ठेवलेले, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. ही बाई सांगलीत सहज खपली असती. फटाका म्हणजे पुठ्ठ्याची नळी, दोन्ही टोकांना पिळलेला चकचकीत कागद. एक टोक आपण धरायचं, एक शेजाऱ्यानं, आणि ओढायचं. टिकलीएवढा आवाज होतो. आतून मुकुट, एक प्लॅस्टिकचा कंगवा आणि एक विनोद. विनोद कुणालाच कळला नाही, आजीबाईंनाही नाही. त्या म्हणाल्या, तसाच असावा लागतो. मी मुकुट माकडटोपीवर चढवला. मग दिवे घालवून त्यांनी पुडिंगवर ब्रँडी ओतली आणि काडी लावली. निळा जाळ उठला. डेपोतलं प्रशिक्षण वाया जात नाही. मी वाळूची बादली शोधायला उठलो होतो.

मी त्यांना विचारलं, पूर्वीपासून असंच का हो? तर नाही. त्यांच्या लहानपणी नाताळच्या दिवशीही आगगाड्या असायच्या. इंग्लंडात साठच्या दशकापर्यंत त्या धावत होत्या, मग कमी होत होत बंद झाल्या. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, सही करून हे ठरवलं. मी त्या सहीचा बराच वेळ विचार केला.

सहाच्या सुमारास नायजेरियन मुलानं विचारलं, ‘परत कसं जायचं?’

कुणी काही बोलेना. आजीबाई उठल्या आणि वरून रजया आणू लागल्या. आमची गाडी ग्रिनिचला मुक्कामी पडली. बायका वरच्या खोल्यांत, मी सोफ्यावर आणि नायजेरियन मुलगा गालिच्यावर. त्याचं घोरणं डिझेलचं होतं, मला छान झोप लागली.

सव्वीसला सकाळी आम्ही स्टॉपवर. पाटीवर आकडे परत आले होते. १८८ आली, सात मिनिटं उशिरा. माझा हात सवयीनं घड्याळाकडे गेला होता, तो ड्रायव्हरला दाखवण्याआधी मी खिशात घातला आणि म्हटलं, ‘मेरी ख्रिसमस.’

तो म्हणाला, ‘काल होता. कार्ड टेकवा.’